लंडनचा दरबार आणि शनिवारचा क्लास

ऑनसाईटला गेलेला माणूस लंडनमध्ये विकांताला काय करतो? पहिले काही विकांत म्युझियम्स, मग कपडे धुणं आणि भाजी आणणं. मी मात्र तिथे असताना एका शनिवारी सॅडलर्स वेल्स थिएटरला 'दरबार' महोत्सवातलं कथक पाहून आलो.

साक्रीच्या पोराला कथकातलं काय कळतं, असं कोणीही म्हणेल. खरंय. आमच्याकडे नाच म्हणजे वरातीत, नाहीतर कानबाईच्या विसर्जनाला. पण माझी धाकटी बहीण तीन वर्षं कथक शिकली आणि घरी टाळी धरायचं काम माझ्याकडे होतं. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली, पाचवी, तेरावी टाळी, नववी खाली. आयुष्यातला पहिला लूप मी कॉलेजात नाही, घरच्या ओट्यावर चालवलाय! त्यामुळे थिएटरमध्ये तिहाई सुरू झाली, तोच तुकडा तीनदा, तेव्हा सम कुठे येणार ते मला आधीच कळत होतं. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी माझा हात मांडीवर चालताना पाहिला आणि मध्यंतरात विचारलं, "शिकलायत का?" म्हटलं, मी नाही, बहीण.

तिचं शिकणं दहावीत थांबलं. क्लास धुळ्याला, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. क्लास सुटेपर्यंत संध्याकाळ, मग स्टँडवर एसटीची वाट. दर खेपेला पप्पा सोबत. फी परवडत होती, शनिवार परवडत नव्हता.

थिएटरात मात्र दहा-बारा वर्षांच्या पोरी आईबापांसोबत आल्या होत्या आणि बोटांवर मात्रा मोजत होत्या. एकीची आई म्हणाली, वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनात दर आठवड्याला क्लासला नेते. लंडनचं हे भवन १९७२ पासूनचं.

घरी येऊन जरा वाचलं. 'दरबार' २००६ साली लेस्टरला सुरू झाला, तो भाई गुरमीत सिंग विरदी या तबला शिकवणाऱ्या गुरूंच्या आठवणीत. आपला पुण्याचा 'सवाई' भीमसेन जोशींच्या पुढाकाराने १९५३ साली सुरू झाला, तोही त्यांच्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ. म्हणजे दोन्हीकडे आधी शिकवणारा, मग उत्सव. आपल्या तालुक्याच्या गावात सांस्कृतिक काही करायचं म्हटलं की आधी स्टेज, पाहुणे आणि साउंड सिस्टीम. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो, आणि शिकायची हौस असलेली पोरगी होती तिथेच राहते.

बहिणीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, साक्रीला महोत्सव नसला तरी चालेल रे. शनिवारी दोन तास शिकवणारं कोणी असतं ना, तरी पुरलं असतं."

आता ती स्वतः शाळेत शिकवते आणि रविवारी पुढच्या खोलीत चार मुलींना तत्कार. पण ती प्रवेशिका पूर्णपर्यंतच शिकलेली, त्यापुढचं तिला येत नाही, आणि ती तसं मुलींच्या आयांना स्पष्ट सांगते. त्यातली एक पुढच्या वर्षी तिथवर पोचेल. मग परत धुळं, परत एसटी.

पप्पा रिटायर झालेत. म्हणतात, "मी जाईन सोबत. स्टँडवर बसायची सवय आहे मला."