तत्त्ववेत्त्याच्या पाठीवर

काँ, नॉर्मंडी

ती. बाबांस सा. न.

ॲरिस्टॉटल घोड्यासारखा ओणवा झाला आहे आणि त्याच्या पाठीवर एक तरुणी बसली आहे. काँ शहरातल्या सँ-पिएर चर्चमध्ये एका खांबाच्या माथ्यावर 14 व्या शतकातल्या पाथरवटाने हे दृश्य कोरले. त्याच खांबावर टोपलीत लोंबकळणारा रोमन कवी व्हर्जिल आहे, आणि राणीला सोडवण्यासाठी तलवारीच्या पात्यावरून पलीकडे सरकणारा सरदार लान्सलॉटही. 1944 च्या लढाईत या चर्चच्या मनोऱ्याचा कळस कोसळला. खांबावरची मंडळी बचावली.

स्त्रीपुढे मोठमोठ्या पुरुषांची कशी गाळण उडते, हा मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन युरोपचा आवडता चित्रविषय. त्याची पात्रे ठरलेली असत: बायबलमधून ॲडम, सॅमसन, डेव्हिड आणि सॉलोमन, तर बायबलबाहेरून ॲरिस्टॉटल, व्हर्जिल आणि हर्क्युलिस. बळ, भक्ती, शहाणपण, विद्या, काव्य अशी एकेका गुणाची एकेक मूर्ती घ्यायची आणि ती कोसळताना दाखवायची, अशी ही मांडणी.

ॲरिस्टॉटलची गोष्ट 13 व्या शतकातल्या एका फ्रेंच कथाकाव्याने लोकप्रिय केली. इतिहासात तिला कसलाही आधार नाही. त्या काव्यात अलेक्झांडर भारत जिंकून बसला आहे आणि तिथल्याच एका सुंदरीच्या नादाने राज्यकारभार विसरला आहे. गुरू ॲरिस्टॉटल त्याची कानउघाडणी करतो. ते कळताच ती सकाळी गुरूच्या खिडकीखालच्या बागेत गात हिंडू लागते. म्हातारा पाघळतो. आधी घोडा होऊन पाठीवर बसू दे, अशी तिची अट असते आणि तो ती मानतो. वरून अलेक्झांडर सगळे पाहत असतो. पकडला गेल्यावरही ॲरिस्टॉटल वाद सोडत नाही: माझ्यासारख्या वृद्धाची ही गत, तर तुझ्यासारख्या तरुणाने किती जपायला हवे!

म्हणजे ही नायिका मुळात भारतीय. फिलिस हे नाव तिला पुढे जर्मन कथांत मिळाले. कथेचे मूळही पूर्वेकडे असावे, असे मानायला जागा आहे. वजिराला खोगीर घालणाऱ्या दासीची गोष्ट अरबीत आहे, आणि पंचतंत्रातला राजा नंद तर रुसलेल्या राणीला पाठीवर घेऊन खिंकाळतो. त्याचा मंत्री वररुची बायकोच्या हट्टापायी मुंडण करून दरबारात येतो. पर्वकाळ नसताना मुंडण का, असे राजाने विचारताच तो राजाच्या खिंकाळण्याचाच दाखला देतो. फ्रेंच कथेत हसे गुरूचे होते, इथे राजा आणि मंत्री दोघांचेही. पंचतंत्राचा डाव जास्त मोकळा वाटतो.

पॅरिस

ती. बाबांस सा. न.

धर्मोपदेशक हीच गोष्ट प्रवचनात इशारा म्हणून सांगत. पॅरिसच्या हस्तिदंती कारागिरांनी मात्र 14 व्या शतकाच्या पूर्वार्धात ती शृंगाराच्या वस्तूंवर चढवली. दागिने आणि छोट्या चीजवस्तू ठेवायच्या त्या पेट्या आता लंडन, न्यूयॉर्क, बाल्टिमोर अशा ठिकाणी विखुरल्या आहेत. झाकणावर बहुधा प्रेमाच्या किल्ल्याचा वेढा असतो. सरदार चाल करून येतात आणि तटावरच्या स्त्रिया त्यांच्यावर गुलाबांचा मारा करतात. दर्शनी बाजूच्या फळीवर डावीकडे ॲरिस्टॉटल बोट उचलून अलेक्झांडरला धडा देतो, शेजारच्याच चौकटीत तोच ओणवा होतो, आणि उजवीकडे म्हातारेकोतारे तारुण्याच्या झऱ्याकडे निघालेले असतात. प्रियेला भेट द्यायच्या पेटीवर स्त्रीपासून सावध राहण्याचा उपदेश कोण कोरून घेईल? इथे गुरूची फजिती हा प्रेमाचा विजय होतो, आणि पेटी मिळालेल्या स्त्रीची थोडी खुशामतही.

या सगळ्या प्रकरणाला एका स्त्रीने लेखी उत्तर दिले ते 1405 मध्ये. व्हेनिसमध्ये जन्मलेली आणि फ्रेंच दरबारात वाढलेली क्रिस्तीन द पिझाँ वैधव्यानंतर लेखणीवर घर चालवत होती. तिचे ‘स्त्रियांचे नगर’ सुरू होते तेच मातेओलस नावाच्या लेखकाचे स्त्रीनिंदेचे पुस्तक हातात पडल्याने. एवढे विद्वान एकसुरात स्त्रीला नावे ठेवतात, तर ते खरेच असेल काय, असा प्रश्न तिला पडतो. तेव्हा विवेक, सचोटी आणि न्याय अशा तिघी प्रकट होतात आणि थोर स्त्रियांच्या कथांच्या विटांनी एक नगर उभारायला सांगतात. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या हस्तलिखितात या प्रसंगाचे चित्र आहे. डाव्या अर्ध्या भागात मुकुटधारी तिघी क्रिस्तीनच्या मेजासमोर उभ्या आहेत. उजवीकडे तटाचे बांधकाम चालू आहे आणि क्रिस्तीनच्या हातात चक्क गवंड्याची थापी आहे. पुरुषाच्या पाठीवर बसण्याची गरज नसलेली सत्ता दाखवणारे असे चित्र या काळात विरळाच.

फ्रायबुर्ग

ती. बाबांस सा. न.

काळ्या अरण्याच्या पायथ्याशी असलेल्या या जर्मन शहरातल्या ऑगस्टिनर संग्रहालयात सुमारे 5 मीटर लांबीचा एक भरतकामाचा पट्टा आहे. तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्यांनी भरलेला हा पट्टा 14 व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला. तो आडेलहाउझेनच्या जोगिणींच्या मठातून आला. श्रीमंत माल्टरर घराण्याची चिन्हे आणि ॲना व योहानेस ही नावे त्याच्या दोन टोकांना आहेत.

मधली दृश्ये जोडीजोडीने येतात. सॅमसन सिंहाचा जबडा फाडतो. पुढच्या चौकटीत दलीला त्याचे केस कापते. मग ॲरिस्टॉटलचा मोह आणि त्याची घोडदौड. मग व्हर्जिल: रात्री टोपलीतून खिडकीपर्यंत ओढून घेते असे वचन देऊन प्रेयसीने त्याला अर्ध्यावरच टांगून ठेवले, सकाळी साऱ्या रोमने पाहावे म्हणून. शेवटची जोडी ईवाइन या सरदाराची. तो झऱ्यापाशी एका वीराला ठार करतो आणि त्याच्याच विधवेपुढे प्रेमात पडून नमतो. प्रत्येक जोडीत पहिली चौकट चढणीची किंवा मोहाची आणि दुसरी पडझडीची, हा ताल सुईने नेमका पकडला आहे.

पट्टा संपतो तो एकाच, जोडी नसलेल्या दृश्याने: कुमारिकेजवळ शांत झालेला एकशिंगी घोडा. इथे अर्थ उलटतो. एकशिंग्याला फक्त कुमारिकाच वश करू शकते असा समज होता आणि ती कुमारिका म्हणजे मेरी, असा त्याचा धार्मिक अर्थ लावत. मठातल्या स्त्रियांना आधीच्या चौकटी धोक्याची सूचना वाटत असतील, की एकमेकींकडे पाहून हसण्याचा विषय? दोन्ही वाटत असणार. भरतकाम तसे आनंदी आहे.

याच शहरात 1512 ते 1516 या काळात हान्स बाल्डुंग ग्रीन मोठ्या चर्चची मुख्य वेदी रंगवत होता. मध्यभागी मेरीला स्वर्गाची राणी म्हणून मुकुट चढवला जातो आहे. ते काम हातात असतानाच, 1513 मध्ये, त्याने फिलिसचे लाकडी ठशाचे चित्र काढले. बंदिस्त बागेत दोघेही नग्न. म्हाताऱ्याच्या तोंडात लगाम आणि तिच्या हातात चाबूक. पेटीवरचा खेळकरपणा इथे उरलेला नाही. म्हाताऱ्याच्या सुरकुतल्या अंगाकडे बाल्डुंग निर्दयपणे पाहतो.

न्यूरेंबर्ग

ती. बाबांस सा. न.

इथे पाहायला फारसे काही उरलेले नाही. 1521 मध्ये चित्रकार ड्यूररने नगरभवनाच्या मोठ्या सभागृहासाठी भित्तिचित्रांचा आराखडा केला. त्यातल्या गोल चौकटींत सॅमसन-दलीला, डेव्हिड-बाथशेबा आणि ॲरिस्टॉटल-फिलिस आहेत. जिथे नगरपित्यांची सभा आणि न्यायनिवाडा चाले, तिथे हा विषय म्हणजे सत्ताधाऱ्यांना दिलेली ताकीद. सभागृह दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाले आणि नंतर पुन्हा बांधले गेले. आराखडा न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

ॲमस्टरडॅम

ती. बाबांस सा. न.

छपाईने हा विषय दरबार आणि मठांतून काढून बाजारात आणला. लायडनच्या लुकास या चित्रकाराने 1512 ते 1517 च्या सुमारास ‘स्त्रियांची सत्ता’ या विषयावर लाकडी ठशांच्या दोन मालिका केल्या, एक मोठ्या आकाराची आणि एक लहान. पुढे 1525 मध्ये त्याने व्हर्जिलचा प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर कोरला आणि त्यात मोठी गंमत केली. टोपली पार मागे, चिमुकली. पुढची सारी जागा नुसत्या बघ्यांनी अडवली आहे, बोटे दाखवत कुजबुजणाऱ्या. बदनामी कशी पसरते ते दाखवायला कवीची गरजच राहिली नाही.

ॲरिस्टॉटलही आवश्यक राहिला नाही. बोखोल्टच्या इस्राहेल फान मेकेनेमने 15 व्या शतकाच्या शेवटी साधे नवरा-बायकोच काढले. जमिनीवर पुरुषाची विजार पडली आहे, बायको सूतकताईच्या काठीने नवऱ्याला बडवते आहे आणि वर एक भूत घिरट्या घालते आहे. घरात विजार कोणाची, म्हणजे हुकूम कोणाचा, हा भांडणाचा मुद्दा. भूत बायकोच्या बाजूचे, हे चित्रकाराने सांगण्याची गरज ठेवलेली नाही.

फ्लॉरेन्स

ती. बाबांस सा. न.

पाठीवरच्या स्वारीला हसणारा समाज स्त्रीच्या हातात तलवार आली की गंभीर होतो, याचा लेखी पुरावा फ्लॉरेन्समध्ये आहे. शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचा शिरच्छेद करून शहर वाचवणाऱ्या ज्यूडिथचा कांस्य पुतळा दोनातेल्लोने 1460 च्या आसपास घडवला. तिने दारूत बुडालेल्या सेनापतीचे केस मुठीत धरले आहेत, पाय त्याच्या मनगटावर रोवला आहे आणि तलवार डोक्यावर उचलली आहे. पुतळा मेदिची घराण्याच्या वाड्यात होता. 1494 मध्ये मेदिची हाकलले गेले, आणि पुढच्याच वर्षी तो नगरभवनासमोर, जुलमी सत्तेचा अंत म्हणून उभा राहिला.

25 जानेवारी 1504 रोजी मायकेलअँजेलोचा डेव्हिड कुठे ठेवायचा हे ठरवायला समिती बसली. लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली तिचे सभासद होते. नगराचा भालदार फ्रांचेस्को फिलारेते याने पहिले मत दिले: ज्यूडिथ हे मृत्यूचे चिन्ह आहे, स्त्रीने पुरुषाला मारावे हे बरे दिसत नाही, आणि पुतळा वाईट ग्रहयोगावर बसवल्यापासून पिसा हातचे गेले. सॅमसनचे केस कापणाऱ्या दलीलाबद्दल अशी तक्रार कोणी केली नव्हती. ती खलनायिका होती, आणि तिचे काम तेवढेच होते. ज्यूडिथ धर्मग्रंथातली नायिका असूनही खुपली.

डेव्हिड ज्यूडिथच्या जागी आला. ज्यूडिथ 1506 मध्ये चौकातल्या लॉज्जा या कमानींच्या मंडपात गेली. 1554 मध्ये तिथेच चेल्लिनीचा पर्सियस आला, मेदूसाचे कापलेले डोके हातात धरून. 1583 मध्ये ज्यूडिथला आणखी एकदा हलवून तिच्या कमानीत जाम्बोलोन्याचा संगमरवरी पुतळा बसवला, सॅबाइन स्त्रीला उचलून नेणाऱ्या पुरुषाचा. तो आजही तिथेच आहे. ज्यूडिथ 1919 मध्ये नगरभवनासमोर परतली. 1980 च्या दशकातल्या डागडुजीनंतर मूळ पुतळा नगरभवनाच्या आत नेला, आणि चौकात आता त्याची प्रतिकृती आहे.