गाडीची पायरी



हल्ली आपल्या समाजात घरटी एक उंच गाडी दिसते. शेताच्या रस्त्याला ती बरी पडते, लग्नकार्याला सात-आठ माणसं एकदम बसतात, डिकीत पूजेचं सामानही मावतं. पण तिचं दार उघडलं की घरातल्या म्हाताऱ्या बाईपुढं गुडघ्याएवढी चढण उभी राहते. त्या चढणीला पायरी कशी केली, ते आज सांगते. दुकानात तिला फूटस्टेप म्हणतात, कुणी साइड स्टेप, कुणी रनिंग बोर्ड. दाराखाली गाडीच्या लांबीनं बसवलेली फळी, एवढंच ते.

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या. आमच्या जयसिंगपूरच्या घरून कुंभोजच्या बाहुबलीला जाणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. अष्टमी-चतुर्दशीला जमेल तसं जायचं, भगवंतांच्या त्या 28 फुटी मूर्तीपुढं जाप करायचा आणि दुपारी परत. गेल्या वर्षी मात्र त्यांनी हळूहळू नाही म्हणायला सुरुवात केली. एकदा डोकं दुखतंय, एकदा पाहुणे येणार आहेत. मग म्हणाल्या, "भाव असला म्हंजे घरचा देव्हारासुद्धा पुरतो गं."

भावाचं खरंच आहे. पण याच सासूबाई रोज सकाळी गावातल्या बस्तीच्या पायऱ्या कठड्याला धरून चढत होत्या. जिना चालतो आणि गाडी का नाही? मग लक्षात आलं. गाडीसाठी आम्ही डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. ह्यांनी खाली उतरायचं, स्टूल काढायचं, लावायचं, सासूबाईंच्या दंडाला धरून वर चढवायचं, परत स्टूल आत ठेवायचं. तोवर त्या रस्त्यात उभ्या. जमीन उतरती असली की स्टूल डुगडुगायचं. एका लग्नात तर पुतण्यानं प्रेमानं त्यांना अलगद उचलूनच आत बसवलं. आजूबाजूचे सगळे हसले, त्याही हसल्या. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत.

आमचा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. त्यानं टेप घेऊन मापं काढली. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत 21 इंच. आमच्या घराची पायरी 7 इंचांची. म्हणजे तीन पायऱ्या एका पायात! मग अंगणात विटांवर पाट ठेवून आज्जीला चढून बघायला लावलं. 9 इंचांपर्यंत पाय सहज जात होता. 12 इंचांना हाताला धरायला काहीतरी लागत होतं. 14 इंचांना त्या थांबल्या. यावरून ठरलं, पायरी 12 इंचांवर हवी, म्हणजे तिथून उंबरा 9 इंच राहतो, आणि दाराच्या खांबाला हाताची मूठ हवी. बाजारातल्या पुष्कळ फूटस्टेप उंबऱ्याला चिकटून, उंच बसतात. गाडी छान दिसते, पण गुडघ्याला फारसा उपयोग नाही. आम्ही शोधून खाली लोंबणारी घेतली. तिची खालची कड गाडीच्या पोटापेक्षा वरच राहते, त्यामुळं स्पीडब्रेकरला घासत नाही.

सासूबाईंचा पहिला प्रश्न, "गाडीला दागिने कशाला?" परिग्रहाचा विचार त्यांच्या मनात आधी येतो. मी म्हटलं, "आई, दागिना नव्हे, पायरी आहे. तुमच्या मापाची." त्या काही बोलल्या नाहीत. पण रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसल्या.

दुकानातला माणूस उंबऱ्याच्या पत्र्याला भोकं पाडून बसवून देतो म्हणाला होता. मुलानं नको म्हटलं. पत्र्याला भोक पाडलं की तिथून गंज धरतो आणि पातळ पत्रा माणसाचा भार पेलत नाही. आमच्या गाडीला खाली चेसीला कंपनीनंच आटे पाडलेली भोकं दिलेली आहेत, त्यात ब्रॅकेट बसतात. एका बाजूला तीन ब्रॅकेट. म्हणून घरीच करायचं ठरलं. गाडी सपाट फरशीवर लावली, हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या. खाली सरकायला जागा होती, त्यामुळं जॅक लावायची गरज पडली नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, हे आधीच सांगून ठेवते.

काम सुरू करण्याआधी मी मऊ कुंच्यानं खालची जागा हळूच झाडून घेतली. यत्नाचार काय फक्त स्वयंपाकघरातच पाळायचा असतो? आणि बरं झालं झाडली. डाव्या बाजूच्या पुढच्या भोकाशी मातीचं छोटं घर होतं. कुंभारीण माशीचं. सासूबाई खुर्चीतून उठून वाकल्या. "भोक पडलंय का बघ. भोक असलं तर पिल्लू गेलंय. बंद असलं तर आत जीव हाय." ते बंद होतं.

मुलगा थबकला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डावी बाजू म्हणजे सासूबाईंच्या बसायची बाजू, आणि दशलक्षण पर्व महिन्यावर आलेलं. त्या म्हणाल्या, "त्याचं घर आधी. माझं काय, मी थांबते."

म्हणून त्या दिवशी फक्त उजवी बाजू झाली. आधी भोकांतली रबरी बुचं काढली, आत साचलेला चिखल ब्रशनं साफ केला, गंज सैल करायचं तेल सोडलं. प्रत्येक बोल्ट आधी हातानं फिरवून घेतला. हातानं तीन-चार आटे सरळ गेले तरच पुढं पाना लावायचा, नाहीतर बोल्ट तिरका जाऊन आटे खराब होतात. तिन्ही ब्रॅकेट सैलच ठेवले. फळी वर ठेवली, तिचे बोल्ट घातले, दाराशी समांतर आहे का बघितलं, दार उघडून कुठं टेकत नाही ना ते पाहिलं, आणि मग सगळं आवळलं. शेवटचा पिळा टॉर्क पान्यानं, खोक्यातल्या कागदावर दिलेल्या आकड्याप्रमाणं.

फळी झाल्यावर सासूबाईंनी हात फिरवून बघितला. "इथं पातळाच्या निऱ्या अडकतील." फळीच्या टोकाचं प्लास्टिकचं झाकण नीट बसलं नव्हतं, आणि एका बोल्टचं टोक बाहेर आलेलं होतं. आम्हा तिघांपैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. साडी नेसणाऱ्या बाईलाच ते दिसणार. झाकण नीट बसवलं, बोल्टवर रबरी टोपी घातली. सूर्यास्ताआधीच्या जेवणाला सगळे वेळेवर होते.

त्यानंतर तीन आठवडे डावी बाजू तशीच. मुलगा रोज सकाळी वाकून बघायचा. एका सकाळी मातीला गोल भोक पडलेलं दिसलं, आणि त्यानं आत येऊन आधी आज्जीलाच सांगितलं. मग रिकामं घर काढून ती बाजूही बसवली.

पर्वाच्या आदल्या चतुर्दशीला सासूबाई बाहुबलीला गेल्या. दार उघडलं, मूठ धरली, एक पाय पायरीवर, दुसरा आत. ह्यांनी सवयीनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. त्या आत बसून म्हणाल्या, "चल की आता. कुणाची वाट बघतोयस?"

पर्वात बस्तीत तत्त्वार्थसूत्राचं वाचन असतं, रोज एक अध्याय. नवव्या अध्यायात अंतरंग तपं येतात. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग, ध्यान. वैयावृत्त्य म्हणजे सेवा. शास्त्रात ती मुख्यतः साधूंची सांगितली आहे, थकलेल्या-आजारी साधूंचीही. घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण तोच भाव लावतो. यंदा ऐकताना माझ्या मनात आलं की विनय आधी सांगितला आहे आणि वैयावृत्त्य नंतर. पुतण्यानं उचललं ती सेवाच होती, त्याच्या मनात प्रेमच होतं. पण तिथं सासूबाईंना स्वतःचं काही करायला उरलं नव्हतं. पायरीनं त्यांचं चढणं त्यांच्याकडंच ठेवलं. आपण सेवा करताना समोरच्या माणसाचं किती त्याच्याकडं राहतं, हे बघायला मी आता शिकतेय. न्हाणीघरात मूठ लावणं, औषधाच्या डब्या त्यांच्या हाताला येतील अशा ठेवणं, मोबाईलची अक्षरं मोठी करून देणं, हे सगळं त्यातलंच.

कुणाला घरी हे करायचं असेल तर थोडक्यात सांगते. आधी गुडघ्याचं माप घ्या, मग दुकानात जा. गाडीला चेसीवर तयार भोकं आहेत का ते बघा. नसतील तर, किंवा गाडी बॅटरीवरची असेल तर, घरी भोकं पाडू नका, जाणकाराकडं न्या. पायरीवर किती वजन चालतं ते खोक्यावर वाचा. फळीवर खरखरीत रबर हवंच, पावसात पाय घसरतो. बसवल्यावर 500 किलोमीटरनं सगळे बोल्ट पुन्हा तपासा. आणि गुडघे दुखणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सासूबाई आता हे बस्तीतल्या सगळ्या मैत्रिणींना शिकवत असतात.

जय जिनेंद्र.