गुणतक्त्याचा तळ

जानेवारीत इंदिरानगर लवकर काळोखतं. जॉगिंग ट्रॅकवरची शेवटची पावलं घराकडे वळतात, पांडवलेणीचा डोंगर अंधारात विरघळतो, आणि अंगात एक जुनी वेळ जागी होते. सामन्याची वेळ.

सामना नाही.

तू होतास तेव्हा हरायचास. मुंबई मॅजिशियन्स. 2013 ची पहिली हॉकी इंडिया लीग, पाच संघ, त्यांत तू पाचवा. रिक चार्ल्सवर्थसारखा गुरू, संदीप सिंगची ड्रॅग-फ्लिक, तरीही पाचवा. का, ते मी कधी विचारलं नाही. उशाशी बसणारं माणूस विचारत नाही.

मी फक्त पाहायचो. चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम, नुकतंच पाणी मारलेलं टर्फ, उंचावरून कोसळणारा पांढरा उजेड, चेंडू पळाला की त्याच्यामागे उठणारी तुषारांची रेघ, ती विरायच्या आत पेनल्टी कॉर्नरची शिट्टी, गोलरेषेवर मुखवटे चढवून वाकलेले बचावपटू, आत आलेला चेंडू, त्याला अडवणारी स्टिक, कमानीसारखी ताणलेली पाठ, आणि मग खाडकन वाजलेली ती फळी, जिचा आवाज टीव्हीतून निघून या खोलीत, भिंतींत, हाडांत शिरायचा आणि वाटायचं, आज. आज तरी.

कॅमेरा फिरे. रिकाम्या खुर्च्या.

त्यांच्यावरही तोच उजेड, तेवढाच. तिथे आम्ही बसलेलो होतो रे, दूरदूरच्या गावांतले, न दिसणारे.

2015 ला तुझ्या जागी दबंग मुंबई आला. मी त्यालाही तूच म्हटलं. 2017 च्या फेब्रुवारीत, चंदीगडला, तू अंतिम सामन्यात उभा होतास. कलिंगा लान्सर्स, 4-1. हरलास. पण किती लख्ख होती ती रात्र!

मग दिवेच गेले.

2024 च्या डिसेंबरात लीग परतली. राउरकेला उजळलं, रांची उजळली. हैदराबाद आलं, तमिळनाडू आला, बंगाल आला. मी यादी वाचत खाली खाली गेलो, तळापर्यंत, तुझ्या सवयीच्या जागेपर्यंत. तिथेही तू नव्हतास. महाराष्ट्रच नव्हता.

पराभवाला आवाज होता, घाम होता, दुसऱ्या दिवशीची हळहळ होती. या नसण्याला काहीच नाही. कोणाकडे हळहळू?

सात गोल खा. शेवटच्या मिनिटाला स्ट्रोक बाहेर मार. पण ये. पंचवटी एक्स्प्रेस पकडून मी चर्चगेटला येईन, आणि या वेळी कॅमेऱ्याला दिसेन.