कातळ, वाळू आणि मामूंचा ट्रक

चाळिशी ओलांडेपर्यंत आम्ही रत्नागिरीतच राहिलो. भाट्याच्या किनाऱ्यावर शेकडो वेळा गेलो असू. पण ओहोटीनंतर तिथली वाळू किती वेळ घट्ट राहते, हे आम्हाला यंदाच्या हिवाळ्यात कळले, तेही जेमतेम दोन फुटी ट्रकामुळे.

हा ट्रक आमच्या मेहुण्यांनी कुवेतहून आणला. रिमोटवर चालणारा, बॅटरीचा, चारही चाकांना ताकद मिळणारा शर्यतीचा ट्रक. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा. आमच्या नववीतल्या चिरंजीवांसाठी भेट. अठरा वर्षे तिथल्या गॅरेजात काम केलेले मेहुणे या खेपेस आले ते परतीच्या तिकिटाशिवाय. घरात हे सर्वांना ठाऊक होते, बोलत कोणी नव्हते. आपल्याकडे आखातातून आलेल्या माणसाला सलामनंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुट्टी किती? मच्छीबाजारात हाच प्रश्न, लग्नाच्या जेवणात हाच. मेहुण्यांनी हळूहळू बाहेर पडणेच कमी केले.

एका संध्याकाळी मुलगा रडवेला होऊन आला. “मामू, हा वळतच नाही. सरळच जातो.” मामूंनी चप्पल घातली. आम्हीही निघालो. राजिवड्यावरून खाडीचा पूल ओलांडला की सुरूच्या बनाखाली भाट्याची लांबच लांब वाळू. पाणी उतरले होते. ओल्या वाळूवर ट्रक सुसाट सुटला आणि वळणावर चाके पूर्ण वळवूनही पुढेच घसरत गेला.

“आधी हात सुधारू, मग गाडी,” मामू म्हणाले. वळणाआधी वेग सोडायचा. वेग सुटला की वजन पुढच्या चाकांवर येते, ती जमीन पकडतात आणि नाक आत वळते. चारही चाके ओढत असताना नुसते स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. एवढ्याने निम्मे काम झाले. उरलेले घरी. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधले चाळीस नंबरचे सिलिकॉन तेल काढून तीस नंबरचे भरले. तेल पातळ झाल्याने पुढचा भाग पटकन दबतो आणि पकड वाढते. शिक्षकी सवयीने आम्ही एक वही केली आणि नियम घातला: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाला द्यायचे?

दुसऱ्या दिवशी ट्रक वळला. पोरगा नाचला. पण भरती लागून वाळू भुसभुशीत होताच चाके रुतू लागली, आणि खाऱ्या पाण्याने दोन बेअरिंग चार दिवसांत गंजली. तेव्हापासून घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणे, पुसणे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. तेलाची बाटली मुलाच्या अम्मीची. तिची तक्रार वहीत नोंदलेली नाही.

मांडवीची काळी वाळू आम्हाला महागात पडली. मोटार करकरू लागली म्हणून उघडली, तर आतल्या चुंबकावर काळ्या कणांची मऊ लव उभी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत लोहयुक्त खनिजे आहेत, इल्मेनाइट त्यांपैकी एक. वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. पण चुंबक फिरवून दाखवायचे कधी सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाटलीभर वाळू शाळेत नेली. मामूंनी मोटार ब्रशने साफ केली आणि मांडवी बंद केली.

खरी परीक्षा चंपक मैदानावर झाली. वाळूवर शहाणा झालेला ट्रक उघड्या जांभ्यावर पहिल्याच वळणावर कोलांटला. पुन्हा लावला, पुन्हा कोलांटला. आम्हाला वाटले पकड कमी. मामू हसले. “उलट आहे, दुल्हाभाई. पकड जास्त आहे. टायर सुटत नाही, म्हणून अंगच उलटते.” उपाय म्हणजे गाडी जमिनीलगत आणणे, पण कातळ म्हणजे खड्डे आणि करवती कडा, पोट घासणार. उंच ठेवावी तर उलटते, खाली घ्यावी तर अडकते. या एका पेचात तीन जुमे गेले.

शेवटी उंची दोन-तीन मिलिमीटरच उतरवली. डावी-उजवी चाके जोडणारी, झुकणे रोखणारी तार जाड घातली. शॉकॲब्सॉर्बर वर उचलताना कमी लांब व्हावेत असे केले, म्हणजे वळणात आतली बाजू फार वर येत नाही. नव्या काटेरी टायरऐवजी झिजलेले लावले. मुरूम पसरलेल्या कोपऱ्यात मात्र हेच टायर घसरतात, तिथे मुलाने हात हलका ठेवायचा. दुपारी तापलेल्या कातळावर तेल थोडे पातळ होते आणि ट्रक वेगळा वागतो, म्हणून वहीत वेळही लिहितो. उंचवट्यावरून उडी घेताना सड्यावरचा वारा हुडाखाली भरून नाक उचलत होता. मामूंनी मागच्या बाजूला भोके पाडली. हवेत असताना ब्रेक दाबला की नाक खाली येते, वेग दिला की वर, ही युक्ती पोराने स्वतः शोधली. मामूंना ती आधीच माहीत असावी, पण ते काही बोलले नाहीत.

पलीकडच्या सड्यांवर चला, असा मुलाचा हट्ट होता. तो आम्ही मोडला. या कातळांवर आपल्या पूर्वजांनी इतिहासपूर्व काळात चित्रे कोरली आहेत. उक्षीचा हत्ती पाहिलेल्यांना सांगायला नको. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. अजून न सापडलेली किती असतील कोण जाणे. काटेरी चाकांनी तिथे खेळायचे नाही.

मागच्या रविवारी, असरनंतर. ट्रक उलटा घालून मामू गुडघ्यावर बसले होते. क्रिकेट संपवून निघालेली मुले भोवती जमली. त्यांच्यातल्या कोणाचे तरी वडील ओळखीचे निघाले. सलाम झाला आणि पाठोपाठ तो प्रश्न आलाच. “काय, सुट्टी किती?”

आम्ही वहीत बघू लागलो. मुलाने मामूंकडे पाहिले.

“सुट्टी नाही. आता इथेच आहे,” मामू मान वर न करता म्हणाले. मग ट्रकाच्या पोटाखालून हात पुढे केला. “बेटा, दीडची ॲलन की दे. आणि लिही, मागचा डावा स्क्रू अर्धा फेरा.”