मॅटवरचा चुरा



या वेळी चातुर्मासातल्या डब्याबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. आज गाडीच्या क्लचबद्दल लिहिते आहे. मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मोक्षसप्तमीला आम्ही दिग्रसहून कारंज्याला दर्शनाला गेलो होतो. यांचं शाळेचं शिक्षण तिथल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात झालं. 1918 सालची ती संस्था. तिथे गेलं की यांचा पाय निघत नाही, त्यामुळे परतायला चार वाजून गेले. माझं एकासन होतं, मला काही प्रश्न नव्हता. पण यांना मधुमेह आहे, आणि सूर्यास्तानंतर हे पाणीसुद्धा घेत नाहीत. डबा दुपारीच संपला होता.

मानोऱ्याच्या अलीकडे पावसाची मोठी सर आली म्हणून आमच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. पाऊस थांबला आणि गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की समोरचे दिवे लागत होते, हॉर्न खणखणीत वाजत होता, पण सेल्फचा आवाज नाही. साधं 'टक्'सुद्धा नाही. ड्रायव्हर म्हणजे तेविशीचा पोरगा, दोन वर्षांपासून आमच्याकडे येणारा. तो म्हणाला, "काकू, पुरा दाबून राहिलो न मी क्लच. कधी घेते, कधी नाही घेत." शेवटी सोयाबीनच्या शेतातून दोघंजण आले, धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर गाडी सुरू झाली. घरी पोहोचलो तेव्हा सूर्यास्ताला दहा मिनिटं होती. यांनी उभ्याउभ्याच दशमी-दही खाल्लं. माझा जीव तोपर्यंत टांगणीला लागलेला.

दुसऱ्या दिवसापासून खर्च सुरू झाला. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलली, 6,200 रुपये. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ उघडून दुरुस्त केला, 2,800 रुपये. पुन्हा तेच. गॅरेजवाला म्हणाला, "तुमचा पोरगा क्लच नीट दाबत नसेल, नाहीतर क्लचवर पाय ठेवून चालवत असेल." मला ते लगेच पटलं. का पटलं याचा आता विचार करते तेव्हा कारण एवढंच दिसतं की ते सोयीचं होतं. महिनाअखेरीला त्याच्या पगारातून मी सेल्फचे अर्धे, म्हणजे 1,400 रुपये कापले आणि वहीत तशी नोंद केली. त्याने पैसे मोजले, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून आलाही नाही.

मग हे स्वतः गाडी चालवू लागले, आणि बाजारात भर गर्दीत गाडी यांच्यासमोरही तशीच हटून बसली. आता दोष कुणाला देणार?

या वेळी गाडी गॅरेजला न नेता गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला घरी बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा कशालाच हात लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. दिवे मंद होतात का? नाही. म्हणजे बॅटरी बरी. धक्क्याने सुरू होते का? होते. म्हणजे डिझेल, इंजिन बरं. सेल्फचा आवाज येतो का? अजिबात नाही. म्हणजे सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. हे तीन प्रश्न कुणी आधी विचारले असते तर नऊ हजार वाचले असते!

मग त्यांनी मला समजावलं, ते तुम्हालाही सांगते. गिअरमध्ये असताना गाडी चुकून सुरू होऊन पुढे झेपावू नये म्हणून हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सेल्फला एक अट घातलेली असते. काहींमध्ये क्लच पूर्ण दाबावाच लागतो. आमच्या गाडीत दोन साक्षीदार आहेत. एक स्विच क्लचच्या पायडलाच्या वर, 'पायडल पूर्ण दाबलंय' असं सांगणारा. दुसरा गिअरबॉक्सवर, 'गाडी न्यूट्रलमध्ये आहे' असं सांगणारा. दोघांपैकी एकाने हो म्हटलं तरी सेल्फ फिरतो.

गिअरबॉक्सवरच्या स्विचला त्यांनी मीटर लावलं. गिअर न्यूट्रलला असो की पहिल्यात, मीटर तेच दाखवत होतं. कनेक्टरमध्ये पाणी जाऊन आत हिरवट गंज चढलेला. "हा केव्हाचा मेलाय," ते म्हणाले. "सिग्नलला थांबल्यावर गाडी आपोआप बंद व्हायची, ती होते का?" हे म्हणाले, "वर्षभर होत नाही, बरंच झालं, मला ती कटकट आवडायची नाही." त्या सोयीलाही गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे कळावं लागतं. खूण वर्षभर समोर होती आणि आम्ही खूश होतो.

मग ते पायडलाखाली आडवे होऊन टॉर्च घेऊन शिरले. क्लचच्या स्विचची पिन बोटाने दाबली की मीटर पीं करत होतं, सोडली की गप्प. म्हणजे स्विच चांगला. पण पायडलाच्या दांड्यावर जे बोटाच्या पेराएवढं रबरी बोंड त्या पिनेला दाबतं, ते झिजून तुटलं होतं. अर्धं उरलं होतं. कधी पिनेला लागायचं, कधी पिन त्या भोकात शिरायची. कधी घेते, कधी नाही घेत.

"तुटलेला भाग खाली पडला असेल," ते म्हणाले. आणि मला आठवलं. मोक्षसप्तमीच्या आधी गाडी झाडताना ड्रायव्हरच्या मॅटवर करड्या रंगाचा चुरा मिळाला होता. नातवाच्या खेळण्याचा असेल म्हणून मीच तो सुपलीत भरून फेकला होता.

बोंड बसवायला मजुरीसह 250 रुपये लागले. त्या गॅरेजवाल्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "एवढी झंझट कशाला, दोन वायरी जोडून स्विच कायमचा बाद करून दिला असता." तसं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आमच्या अंगणात गाडीसमोर नातू सायकल फिरवत असतो. गिअरमध्ये राहिलेली गाडी किल्लीसरशी उडी मारते.

मी बी.कॉम. आहे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नसतं, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलं होतं. एक साक्षीदार मेला तरी दुसऱ्याच्या जिवावर वर्षभर सगळं जुळत होतं. पण माझ्या वहीतली ती 1,400 रुपयांची नोंद कशाने जुळत होती? कुणी काही बोललं नाही, एवढ्यावरच.

क्षमावाणीला अजून पंचवीसएक दिवस होते. तेव्हा बोलू, असं आधी मनात आलं, खोटं कशाला सांगू. दरवर्षी त्या दिवशी मी शंभरेक जणींना 'उत्तम क्षमा' पाठवते. त्यातल्या बहुतेकींचं मी काही बिघडवलेलंच नसतं. या पोराचा नंबर त्या यादीत कधी नव्हताच.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मंदिरातून परस्पर त्याच्या घरी गेले. त्याची आई भाकरी थापत होती. तिच्यासमोरच सांगितलं, "चूक माझी होती, तू बरोबर सांगत होतास." पैसे दिले. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. म्हणाला, "काकू, पैशाचं नाही. तुमी मले इचारलंच नाही." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तो आता एका मालवाहू टेम्पोवर जातो, पगारही आमच्यापेक्षा जास्त आहे. रविवारी यायला तयार आहे म्हणाला. निघताना त्यानेच विचारलं, "तो गिअरबॉक्सचा स्विच बदलला का?"

"नाही रे, नागपूरहून यायचा आहे."

"मंग तवरीक काकाजीले क्लच पुरा दाबाले सांगा."