घराला अर्थ हवा!

आम्ही कॉमर्सवाले. ‘अर्थ’ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर अर्थशास्त्र, अर्थसंकल्प आणि महिन्याच्या वीस तारखेनंतरचा अर्थाभाव एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात. आर्ट्सवाल्यांना जीवनाचा अर्थ दिसतो म्हणतात. सायन्सवाल्यांचा अर्थ मात्र जमिनीत असतो आणि तो हिरव्या वायरीतून घरात येतो, हे कळायला मला चितेगावात घर घ्यावं लागलं.

चितेगाव म्हणजे संभाजीनगरहून पैठणला जाताना चौदा किलोमीटरच्या दगडाच्या आसपास लागणारं गाव. १९८२ च्या एशियाडच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला आणि पुढे व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे आमचं गाव टीव्हीचं गाव झालं. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण गाव विजेशी नातं राखून आहे. जायकवाडीचं पाणी शहराकडे नेणारे मोठमोठे नळही याच रस्त्यानं जातात. आम्ही त्यांना हात करतो, ते थांबत नाहीत.

तर नव्या घरातला फ्रीज मुंग्या आणायला लागला. मुंग्या म्हणजे साखरेच्या डब्यातल्या नव्हेत, हाताला येतात त्या. दार उघडायला गेलं की बोटांत झिणझिण्या. यावर प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणे उपाय काढला. बायको पायात चप्पल घालून दूध काढू लागली. मुलगी कोपरानं दार उघडायला शिकली. आई म्हणाली, “अरे, नवी वस्तू आहे, अंगात आलं असेल. होईल शांत.” शेजारच्या काकांनी फ्रीजचा प्लग उलटा घालून बघायला सांगितलं. तीन पिनांचा प्लग उलटा कसा घालायचा हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

या तीन पिनांबद्दल चार शब्द सांगितलेच पाहिजेत. वरची पिन खालच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. जाड अशासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी, की ती सगळ्यांत आधी आत जावी आणि सगळ्यांत शेवटी बाहेर यावी. लग्नकार्यात असा एखादा मामा असतो. पाहुण्यांच्या आधी येतो, मांडव सोडवून शेवटी जातो, आणि फोटोत कुठेच नसतो. वरच्या पिनेचं तेच. यंत्र बिघडलं नाही तर तिच्यातून काही वाहत नाही. त्यामुळे ती रिकामटेकडी वाटते आणि आपण मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर बसावा म्हणून तिच्या भोकात खुशाल पेन खुपसतो.

वायरमन आला. त्यानं एका होल्डरमध्ये बल्ब लावला, त्याच्या दोन वायरी काढल्या आणि एक फेजमध्ये, दुसरी न्यूट्रलमध्ये घातली. बल्ब लखलखला. मग न्यूट्रलमधली काढून वरच्या भोकात घातली. अंधार. त्यानं मीटरजवळचा बोर्ड उघडला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. घरभरच्या हिरव्या वायरी तिथे इमानेइतबारे येऊन पोचल्या होत्या. त्यांना पुढे जमिनीत न्यायच्या ऐवजी कुणीतरी त्यांचा एक सुबक अंबाडा बांधून ठेवला होता.

“साहेब,” वायरमन म्हणाला, “तुमच्या घराला अर्थच नाही.”

लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य अनोळखी नव्हतं, पण वायरमनच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. ज्यानं घर बांधून विकलं त्याला फोन केला. तो म्हणाला, “वायर दिलीय ना साहेब? मग झालं तर.” म्हणजे यानं मला चेकबुक दिलं होतं, खातंच उघडलं नव्हतं.

मग मी शहरात जाऊन अर्थिंगचं सामान बघितलं. सोनाराच्या दुकानात जशी बावीस कॅरेट, अठरा कॅरेट आणि एक ग्रॅम फॉर्मिंग अशी वर्गवारी असते तशी इथेही आहे. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे जीआय पाइप. तो साधारण चाळीस मिलीमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब. त्याच्या वरची प्लेट, साठ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद, तांब्याची किंवा जीआयची. आणि सगळ्यांत नटलेला तो तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी रॉड. दुकानदार त्याच्यावरून हात फिरवत म्हणाला, “अडीचशे मायक्रॉन आहे साहेब.” मी हिशेब केला. पाव मिलीमीटर! आत पोलाद कशाला, तर हातोड्याचे घाव सोसायला. वर तांबं कशाला, तर गंज लागू नये म्हणून. नोकरीत टिकायचं असेल तर माणसाची घडणही अशीच असावी लागते.

दुकानदार जाड रॉडसाठी फार आग्रह करत होता. पण यातलं गणित बँकेतल्या माणसालाही समजण्यासारखं आहे. रॉडची जाडी दुप्पट केली तर जमिनीचा रेझिस्टन्स जेमतेम दहा टक्क्यांनी उतरतो. लांबी दुप्पट केली तर चाळीसच्या आसपास उतरतो. दोन रॉड घालायचे तर त्यांच्यात निदान एका रॉडच्या लांबीएवढं अंतर हवं. जवळजवळ रोवले तर ते एकाच ताटात जेवायला बसलेल्या दोन भावांसारखे होतात. माणसं दोन, पण जेवण काही दुप्पट होत नाही. शिवाय खड्डा घराच्या पायापासून दीड मीटर तरी लांब असावा. आमच्या प्लॉटवर पायापासून दीड मीटर गेलं की शेजारच्या काकांची जास्वंद लागते. मागच्या एका कोपऱ्यात तेवढी जागा सापडली.

काकांच्या घराचंही दुखणं तेच निघालं. त्यांनी घाई केली आणि तो तांब्याचा देखणा रॉड आणून अंगणात ठोकायला घेतला. वर हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, तिथवर रॉड लोण्यात सुरी जावी तसा गेला. पुढे काळा दगड! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला हा आपला दख्खनचा बेसाल्ट. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या कारागिरांनी वेरूळला हाच दगड वरून खाली कोरत कैलास लेणं उभं केलं. काकांच्या दोन गड्यांना त्यात बोटभर भोक पाडता येईना. रॉडच्या डोक्याची छत्री झाली, कमरेत तो वाकला आणि शेवटी काकांनी तो उपटून कारल्याच्या वेलाला दिला. चितेगावात तांब्याच्या मांडवावर चढलेलं कारलं तेवढं एकच असावं.

शिवाय नुसता खडकात घुसलेला रॉड उपयोगाचा नसतो. जमिनीत वीज वाहते ती ओलाव्यातून आणि त्यात विरघळलेल्या क्षारांतून. दगड म्हणजे कोरडा ठणठणीत. आमची काळी माती पावसाळ्यात उत्तम, पण एप्रिल आला की तिला भेगा पडतात आणि ती पाइपाला सोडून बाजूला होते. म्हणून आम्ही चक्क खड्डा खणला. सात फुटांवर दगड लागला. पाइप थोडा तिरपा बसवला, अशा वेळी तशी परवानगी नियमांतही आहे. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थरावर थर दिले. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ रेझिस्टन्स उतरवतं. मात्र मीठ पावसात वाहून जातं आणि जाता जाता पाइपही खातं, म्हणून हल्ली पुष्कळ लोक बेंटोनाइट नावाची माती घालतात. पण आमच्या वायरमनचा मिठावर विश्वास. आणि खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस मला आवडतो.

आता उरला पाण्याचा प्रश्न. उन्हाळ्यात या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात टँकर आला की बादल्यांची यादी ठरलेली असते. त्या यादीत आणखी एक तोंड वाढलं म्हटल्यावर बायको म्हणाली, “अहो, आपल्याला आंघोळीला तांब्या आणि जमिनीला बादली?” शेवटी आईनं तोडगा काढला. मोरीतल्या पाण्याची नाळ तिनं खड्ड्याकडे वळवली. आम्ही आंघोळ करतो आणि अर्थ भिजतो.

वायरमननं मीटर लावला. भर उन्हाळ्यात रेझिस्टन्स चौदा ओहम होता, ओल मुरल्यावर चारवर आला. मला वाटलं, आता संपलं. पण तो म्हणाला, “साहेब, नुसत्या पाइपावर झोपू नका.” आणि त्यानं कागदावर भागाकार मांडला. समजा रेझिस्टन्स वीस ओहम आहे. दोनशे तीस भागिले वीस, साडेअकरा अँपिअर. गिझरचा एमसीबी सोळा अँपिअरचा. म्हणजे फेज गिझरच्या अंगाला चिकटला तरी एमसीबी ढिम्म हलणार नाही! त्यासाठी आरसीसीबी नावाचा स्विच लागतो. तो काय करतो? गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा अखंड ताळा बघतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की एका निमिषात शटर खाली. हे ऐकून माझा ऊर भरून आला. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत कुणाला घरी न सोडणाऱ्या आमच्या हेड कॅशियरचाच हा अवतार! फरक एवढाच, की हा चहा मागत नाही.

या दोघांची गाठ किती मोलाची आहे हे पावसाळ्यात कळलं. एका पहाटे आई आंघोळीला उठली. गिझरचं बटण दाबून ती पंचा आणायला वळली आणि घरभर अंधार. आम्ही सगळ्यांनी त्या स्विचला मनसोक्त शिव्या दिल्या. तो वर केला की पुन्हा पडे. आईनं चुलीवर पाणी तापवून आंघोळ केली. दहा वाजता वायरमननं गिझर उघडला. आतली कॉइल फुटली होती आणि फेज थेट पाण्यात उतरला होता. “पाइप होता म्हणून करंट पाइपानं गेला,” तो म्हणाला. “पाइप नसता तरी हा स्विच पडला असता, साहेब. पण आधी करंट आजींच्या अंगातून गेल्यावर.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. आई ओल्या पायांनी तिथेच उभी होती. कोळसा, मीठ, पाइप, खोदाई आणि मजुरी यांचा हिशेब मी वहीत ‘किरकोळ खर्च’ म्हणून टाकला होता. त्या दुपारी मी तो खोडून ‘कायम ठेव’ असा लिहिला.

बँकेत इतकी वर्षं मी लोकांना व्याज देणारी खाती उघडून देतोय. पण ज्यात कधीच व्यवहार होऊ नये म्हणून देवाजवळ मागणं करावं, असं खातं हे एकच. आणि खरं सांगू? कॅश काउंटरवर बसणारा कारकून म्हणजे तरी दुसरं काय? वरून मॅनेजरचा दाब, समोरून गिऱ्हाइकाचा भडका, आणि सगळं जातं याच्यातून खाली. फक्त त्याच्या मुळाशी कुणी बादली ओतत नाही.

आई मात्र कृतघ्न नाही. तिनं दुसऱ्या दिवसापासून त्या खड्ड्याच्या झाकणाला हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. दसऱ्याला झेंडूची माळही घातली. बायकोनं विचारलं, “सासूबाई, याला नैवेद्य काय दाखवायचा?”

आई म्हणाली, “काही नको गं बाई. वर्षाला एक मिठाची पिशवी. इतका गरीब देव मी दुसरा बघितला नाही.”