जुन्या रंधा मशीनची निवड आणि डागडुजी

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी घरगुती सुतारकामासाठी जुने रंधा मशीन नव्या हलक्या मशीनपेक्षा अनेकदा सरस ठरते. त्याचा बिडाचा जड सांगाडा कंप शोषतो आणि लाकूड सफाईदार निघते.

निवडताना रंगाला भुलू नये. टेबलावर पोलादी पट्टी उभी धरून खालची फट तपासावी. शाफ्ट हाताने हलवून बेअरिंग ढिले आहे का ते पाहावे. गंज, झिजलेला पट्टा, बोथट पाती हे दोष सुधारता येतात. तडा गेलेले बीड मात्र नाकारावे.

मोटरची पाटी नीट वाचावी. कारखान्यातली मोटर बहुधा ४१५ व्होल्ट थ्री फेजची असते, घरी २३० व्होल्टचा सिंगल फेज येतो. थ्री फेज मिळावा म्हणून शेतपंपाची जोडणी घरच्या कामाला वळवणे नियमबाह्य आहे. सिंगल फेज मोटर बसवणेच योग्य.

डागडुजी क्रमाने करावी. रॉकेलने चिकटा काढावा, बारीक पॉलिश पेपरने गंज घासावा, टेबलाला मेण लावावे. बेअरिंग बदलून पाती धार लावून समान उंचीवर बसवावीत. अर्थिंग आणि पात्यावरचे झाकण यांशिवाय मशीन कधीही चालू करू नये.